कीथ गारसाइड चषक

ऑस्करिग ग्रामर स्कूलमध्ये थंडीची तक्रार करायची नसते, हे नॉर्मन गारसाइड लहानपणीच शिकला होता. भर जानेवारीत वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या असत. छडी खाल्ली की त्याच हाताने मास्तरांशी हस्तांदोलन करून आभार मानायचे. आणि फेब्रुवारीत, संस्थापक दिनाला, अख्ख्या शाळेने गावामागच्या माळावरून धावत जाऊन परत यायचं. लोकरीच्या ज्या व्यापाऱ्याने चारशे वर्षांपूर्वी शाळा काढली, तो म्हणे बर्फात वाट चुकला आणि थांबला नाही म्हणूनच वाचला. खरं-खोटं कोण बघायला गेलंय! धाव मात्र कधी चुकली नाही. महायुद्धातही नाही.

नॉर्मनने ती एकदा जिंकली होती. सभागृहातल्या ओकच्या फळीवर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव होतं. पुढे तो बाजारपेठेत खिळे-बिजागऱ्यांचं दुकान चालवायला लागला, पण गावातले वकील-डॉक्टर त्याला नावाने हाक मारत, ती त्या फळीमुळे. एकुलता एक कीथ प्रवेशपरीक्षा पास झाला तेव्हा नॉर्मनला आभाळ ठेंगणं झालं होतं.

धावेच्या दिवशी सकाळी कीथने लापशीला हातही लावला नाही.

"बाबा, आज नाही गेलो तर?"

"वर्षभर भित्रा म्हणून चिडवतील. चालेल तुला?"

"जाऊ दे ना त्याला," त्याची आई हिल्डा चुलीजवळून म्हणाली. "चेहरा बघ कसा पांढराफटक पडलाय."

"माझाही पडायचा," नॉर्मन हसला, आणि त्याने स्वतः वाकून पोराच्या बुटांच्या नाड्या बांधल्या.

दुपारी माळावर धुकं उतरलं. सगळी मुलं परत आली, कीथ आला नाही. दुसऱ्या दिवशी एका मेंढपाळाच्या कुत्र्याला तो दलदलीच्या काठाशी सापडला. चौकशी झाली. हवामानाचा दोष ठरला, माणसांचा नाही.

दफनानंतर काही आठवड्यांनी नॉर्मन हेडमास्तरांना भेटला. डॉक्टर पेनिफर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी त्याला शेगडीजवळ बसवलं, शेरीचा पेला हातात दिला.

"सर, धाव बंद करा. माझं एवढंच मागणं आहे."

"तुमचं दुःख मी जाणतो, गारसाइड. विश्वस्तांच्या कानावर घालतो."

उत्तर घेऊन आला सिरिल मॉक्सन. नॉर्मनचा वर्गमित्र, आता वकील आणि शाळेचा विश्वस्त. आला तो हात पसरूनच.

"नॉर्मन, लेका, सगळ्यांचं एकमत झालं बघ! चांदीचा चषक. कीथ गारसाइड चषक. दरवर्षी धाव जिंकणाऱ्याला, तुझ्या हस्ते."

"आणि धाव?" हिल्डाने विचारलं.

"धाव आता कशी थांबेल, हिल्डा? पोराची आठवण आहे ती."

नॉर्मनने बोलायला तोंड उघडलं. पण चांदीवर कोरलेलं गारसाइड हे नाव डोळ्यांपुढे आलं आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्याची छाती फुगली. हिल्डाने ते पाहिलं. ती उठून आत गेली आणि सिरिल जाईपर्यंत बाहेर आली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत नॉर्मन एकटाच सभागृहात गेला. जिंकलेला मुलगा यंदाच बाहेरगावाहून शाळेत आला होता. तो व्यासपीठावर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते, गुडघ्यांवर चिखल आणि रक्त होतं. चषकावरचं नाव वाचून त्याने हळूच विचारलं, "सर, हा केव्हा जिंकला होता?"

"तो आपल्या शाळेचा एक शूर मुलगा होता," पेनिफर मोठ्याने म्हणाले.

"नव्हता शूर," नॉर्मन म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "घाबरला होता. त्याला जायचं नव्हतं. मी पाठवला त्याला."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर रुमाल धरला. पेनिफरनी मागे वळून वादकाला मानेने खूण केली आणि ऑर्गन सुरू झाला. मुलं सवयीने उभी राहिली आणि शाळेचं गीत गायला लागली. नॉर्मन आणखी काही बोलत होता, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. सिरिलने त्याचं कोपर धरलं.

"चल. दमलायस तू."

घरी त्याने हिल्डाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "हे त्या दिवशी, सिरिल घरी आला होता तेव्हाच बोलायला हवं होतंस."

त्यानंतर शाळेचं बोलावणं आलं नाही. चषक सिरिल देऊ लागला. वकील-डॉक्टरांनी खिळे शेजारच्या गावातून आणायला सुरुवात केली. भांडण कुणीच केलं नाही. दिसला की टोपी तेवढी उचलत.

दोन-तीन वर्षांनी, धावेच्या आदल्या दिवशी, बेकरीवाल्याची बायको मिसेस टॅटर्सल दुकानात आली. दुकान रिकामं होईपर्यंत ती कुलपं हाताळत राहिली.

"मिस्टर गारसाइड, आमच्या ड्युअर्डनचं पहिलंच वर्ष आहे. रात्रभर रडतोय हो. ठेवू का घरी?"

"ठेवा," नॉर्मन म्हणाला. "दाराला आतून कडी घाला, पण ठेवा."

तिचे डोळे भरून आले. तिने मान हलवली. मग दाराशी जाऊन थबकली.

"पण बाकीची पोरं काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी पावलांचा आवाज बाजारपेठेतून माळाकडे गेला. नॉर्मन काचेशी उभा होता. ड्युअर्डन टॅटर्सल सगळ्यांच्या मागे होता, आणि त्याची आई फुटपाथवरून टाळ्या वाजवत होती. दुकानाकडे तिने पाहिलं नाही.

मुलगा सुखरूप परत आला. पुढच्या वर्षी तो सगळ्यांच्या पुढे धावत होता.