अंगदच्या जीपवरची जाळी

"बेटी, घागर न्यावी तर भरून न्यावी, न्हाई तर रिकामी न्यावी. निम्मी घागर डोक्यावर नाचती."

अजमतबी हे बोलल्या तेव्हा वैष्णवी नुसती हसली. "हो अम्मा," म्हणाली आणि पुन्हा हैदरभाईंकडं वळली. तिला आकडा हवा होता, आणि अजमतबींच्या बोलण्यात आकडा नव्हता.

मित्रांनो, मी त्या वेळी त्याच दुकानाच्या भिंतीला टेकून उभी होते. मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. जीपच्या टपावर सामान ठेवायला बसवतात, ती. कुणी मला कॅरिअर म्हणतं, कुणी स्टँड. पण ज्यांनी मला घडवलं ते हैदरभाई जाळी म्हणायचे, म्हणून मलाही तेच नाव आपलं वाटतं.

माझा जन्म धारूरच्या बाजारातला. हैदरभाईंनी पाईप कापले, वाकवले, सांधे जोडले. अंगावर ठिणग्या उडाल्या तेव्हा मी फार घाबरले होते. नंतर काळा रंग लागला आणि जरा रुबाब आला. हैदरभाईंची आई अजमतबी दारात बाजेवर बसून लसूण सोलायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायच्या. गिऱ्हाईक ऐको न ऐको, त्यांचं बोलणं चालूच असे.

एके दिवशी अंगद आला. त्यानं फोर-बाय-फोर जीप घेतली होती, जुनीच, पण चढाला दमदार. शहरातल्या पाहुण्यांना बालाघाटाच्या डोंगरात फिरवायचं, किल्ला दाखवायचा, माळावर तंबू ठोकून राहायला लावायचं, असा धंदा त्यानं काढला होता. बरोबर धाकटा भाऊ नाथा होता आणि कडेवर लेक घेतलेली बायको वैष्णवी. तिचं कॉलेज झालेलं होतं आणि तिला सगळं विचारून घ्यायची सवय होती.

दुकानात आम्ही तिघी होतो. एक शहरातून आणलेली चकचकीत, हलकी, पण तिला बसवायला टपाला भोकं पाडावी लागत. एक या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारी, उंच कठड्याची, दांडगी. आणि मी, मधली. मला टपाच्या कडेच्या पन्हळीला चिमट्यांनी घट्ट धरून बसता येई.

अंगदची नजर दांडगीवर गेली.

"लई भारी दिसंल ही," तो म्हणाला.

"दादा, हिच्यावर तर नवरदेव उभा करून वरात काढता येईल," नाथा म्हणाला. "आधी मला पोरगी बघा, मगच ही घ्या."

"तुझ्या लग्नाला बैलगाडी पुरंल बे," अंगद म्हणाला.

वैष्णवीनं मात्र हैदरभाईंना विचारलं, "भाऊ, ह्या मोठीचं स्वतःचंच वजन किती? आणि वर किती माल चालतो?"

"खरं सांगू भाभी? ही गाडीवर चढली की निम्मं वजन तिचंच. घाटात गाडीचं डोकं जड झालं की गाडी हाताचं ऐकत न्हाई. ती चकचकीत घेतली तर भोकातून पाणी उतरतंय. ही मधली घ्या. हिच्यावर माल शंभर किलोच्या आत ठिवायचा. जड सामान खाली गाडीत, हलकं वर. एवढं केलं की बास."

"शंभरच्या आत," वैष्णवी म्हणाली. तिनं ते मनात कोरून घेतलं. याच बोलण्याच्या मध्येच अजमतबी घागरीचं बोलल्या होत्या. आणि मी पसंत पडले.

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. माझ्यावर तंबू चढले, अंथरुणं चढली, घडीच्या खुर्च्या चढल्या. पाहुण्यांची लेकरं माझ्या पाईपांना धरून फोटो काढायची. उसाच्या हंगामात शिरूर कासारकडची माणसं तोडीला निघाली की एखाद्या घराची पेटी, बाज, कोंबड्यांचं खुराडंही माझ्यावर बसे. कोंबड्या वाऱ्यानं डोळे मिटून घ्यायच्या. मला हसू येई.

गाडी निघायच्या आधी वैष्णवी अंगणात येई. लेक एका कडेवर, दुसऱ्या हातानं ती एकेक दोरी ओढून बघे, माझे चिमटे हलवून बघे. तिची इच्छा एकच होती. गेलेली माणसं तशीच घरी यावीत. रस्त्यात उशीर झाला की ती दारात येऊन उभी राही.

"वहिनी, तुम्ही आरटीओत पाहिजे होत्या," नाथा म्हणे. "सगळा जिल्हा दंड भरत बसला असता."

"आणि पहिला दंड तुमच्यावर लावला असता, भाऊजी. बेल्ट लावा."

सासू छबुबाई ओट्यावरून म्हणे, "कावून गं रोज त्या पोराच्या मागं लागतीस?" पण बोलताना तिलाही बरं वाटत असे. घरात आपल्यासारखंच काळजी करणारं दुसरं माणूस आहे, याचं तिला समाधान होतं.

मग तो उन्हाळा आला.

डोंगरावर पाहुण्यांचा मोठा मुक्काम ठरला होता. अंगद तंबू ठोकायला पुढं गेला. वर पाणी नव्हतं आणि त्या वाटेनं टँकर चढत नाही. नाथानं निळा ड्रम माझ्यावर आडवा ठेवला आणि त्यात नळी सोडली. वैष्णवी धावत बाहेर आली.

"किती लिटरचा आहे हा?"

"दोनशेचा. काठोकाठ भरतो अन् एका फेरीत काम उरकतो."

"मुळीच नाही. हैदरभाई काय म्हणाले होते? शंभरच्या आत. निम्म्यापेक्षा कमीच भरा."

"निम्म्या ड्रमात पाहुण्यांनी काय नुसतं तोंड धुवायचं?"

"दोन फेऱ्या मारा. मला घोर लावू नका, भाऊजी."

नाथानं नळी काढली. "झालं! घरात सरकार वहिनीचं हाय," असं म्हणून त्यानं पुतणीच्या गालावर ओला हात लावला. पोरगी खिदळली. वैष्णवीनं दोऱ्या ओढून पाहिल्या. चारही घट्ट होत्या. वजनही शंभरच्या आत होतं. काळजी घेणाऱ्या माणसानं घ्यायची तेवढी सगळी काळजी तिनं घेतली होती.

मित्रांनो, पुढचं सांगायला मला जड जातं, पण सांगते. सरळ रस्त्यावर काही झालं नाही. घाट लागला तसं माझ्यावरचं पाणी जागं झालं. डावं वळण आलं की सगळं पाणी उजव्या कडेला धावायचं, उजवं आलं की डाव्या. प्रत्येक वेळी ते ड्रमाच्या कडेवर आपटायचं आणि तो धक्का माझ्यातून टपाला, टपातून गाडीला बसायचा. भरलेला ड्रम जड असला तरी जागच्या जागी बसतो, हे मला त्या दिवशी कळलं. निम्म्या ड्रमातलं ओझं मात्र पळत असतं.

एका वळणावर समोरून शेळ्या आल्या. नाथानं गाडी इकडं घेतली, लगेच तिकडं घेतली. शेळ्या वाचल्या. पाणी मात्र एका कडेला गेलं ते सगळंच्या सगळं, आणि गाडीचं डोकं त्याच्यामागं गेलं. दोरी तुटली नाही. माझा एकही सांधा उसवला नाही. आम्ही सगळे एकमेकांना घट्ट धरून दरीत कलंडलो.

नाथा घरी आला नाही.

त्या घरात कितीतरी दिवस चूल पेटली नाही. भाऊबंद पिठलं-भाकरी घेऊन येत होते. हैदरभाईही आले. ओट्याच्या टोकाला बसून त्यांनी अंगदला हळूच विचारलं, "ड्रम निम्मा हुता का रे?"

अंगदनं होकारार्थी मान हलवली.

वैष्णवी दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं. हैदरभाईंनी मान वर केली, तिला पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाले, "तसं काय न्हाई भाभी. रस्ताच खराब हाय तो. किती डाव सांगितलं लोकांनी."

पण तिला कळायचं ते कळलं होतं. आकडे तिला समजत होते. अजमतबींचं बोलणंही तिला त्या क्षणी समजलं, सगळंच.

नातेवाईक येत, रडत, आणि जाताना तिला सांगत, "छबुबाईला सांभाळ बाई. पोटचा गोळा गेलाय तिचा." "अंगदला एकटं सोडू नको, पाठचा भाऊ गेलाय त्याचा." ती "हो" म्हणे. तिला कुणी काही विचारलं नाही. ती गाडीत नव्हती, तिला कुठं लागलं नव्हतं.

जीप मोडीत गेली. मला कुणी घेतलं नाही. मी आता घराच्या मागं, गोठ्याच्या भिंतीशी पडून असते. रंग उडालाय, गंज चढलाय, पावसाचं पाणी पाईपात साठतं. छबुबाई शेण टाकायला येते तेव्हा मला लाथ मारते. "ह्या लोखंडानं माझं लेकरू खाल्लं," म्हणते. मला राग येत नाही. ओझं घेणं हेच माझं काम आहे. तिचं दुःख कुणाच्या तरी माथी जायला हवं, तर माझ्या जाऊ द्या.

पण म्हातारी हे म्हणते तेव्हा मागं दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या वैष्णवीचा हात थांबतो. एकदा ती पुढं आली होती. "आत्या," म्हणाली, "जाळीचं काही नाही हो त्यात. पाणी निम्मं भरा असं मी..."

"जाऊ दे," छबुबाई डोळे पुसत म्हणाली. "त्याला तुझ्या हातचा चहा आवडायचा. जा, ठेव थोडा."

ती चहा ठेवायला गेली. सांगायचं राहिलं ते राहिलंच. अंगदला सारं ठाऊक आहे. तो तिला दोष देत नाही, पण त्याविषयी बोलतही नाही. आता दुसऱ्याच्या गाडीवर तो ड्रायव्हर आहे, आठवडा आठवडा बाहेर असतो. त्याला वाटतं, न बोलणं म्हणजे माया. तिला वाटतं, न बोलणं म्हणजे शिक्षा.

आता त्या घरात कुठलंही भांडं निम्मं राहत नाही. कळशी अर्धी झाली की ती भरते, नाही तर ओतून टाकते. लेकीला पाणी देते तेही काठोकाठ. पोरीच्या इवल्या हातात पेला हिंदकळतो, फ्रॉक भिजतो, पोरगी रडते. मग वैष्णवी तिला छातीशी धरून तशीच बसते, कितीतरी वेळ, माझ्या शेजारी, भिंतीला डोकं टेकून. मी लोखंड आहे. मला हात असते तर केव्हाच पुढं केले असते.

मित्रांनो, तुमच्या गाडीच्या टपावर माझ्यासारखी एखादी असेल तर तिची काळजी घ्या. चिमटे आवळत जा, गंज खरवडत जा. जड सामान खाली ठेवा. पाणी टपावर नेऊच नका. न्यायचंच झालं तर गाडीच्या आत, खाली, बुडाशी, लहान लहान कॅनमध्ये भरून न्या. एवढं कळलं तरी माझं सांगणं फुकट गेलं नाही.

आणखी एक मागणं आहे, ते माझ्यासाठी नाही. तुमची आई, मावशी, कुणी धारूरच्या बाजाराला येत असेल तर तिला म्हणावं, जरा वेळ काढून अंगदच्या घरी जा. छबुबाईला भेटा, पण तिथंच थांबू नका. आत स्वयंपाकघरात जा. म्हातारी जेवते का, अंगद कसा आहे, लेक किती मोठी झाली, हे वैष्णवीला विचारू नका, ते सगळेच विचारतात. तिला विचारा, "बाई, तुला झोप लागते का?" ती "हो" म्हणेल आणि चहा ठेवायला उठेल. तिचा हात धरून तिला खाली बसवा. आणि ती खरं काय ते बोलेपर्यंत उठू नका.