साहेबांचा पछतावा

पाणी खात्याच्या साहेबांनी आठवडाभर नळ बंद ठेवले आणि सवयीप्रमाणे पाटीवर इंग्रजीत लिहिलं, "वुई रिग्रेट." वस्ती उर्दू बोलणारी, म्हणून पाटी उर्दूत करायला जावयाला दिली. जावईबापू शब्दकोश घेऊन बसले. रिग्रेट म्हणजे अफसोस, नुसती दिलगिरी; आणि पछतावासुद्धा, म्हणजे केल्या चुकीचा पश्चात्ताप. अफसोस त्यांना मिळमिळीत वाटला. सासऱ्यांच्या हुद्द्याला शोभेल असा दणदणीत "पछतावा" त्यांनी ठोकून दिला.

सकाळी कचेरीच्या दारात रिकामे हंडे घेऊन ही गर्दी! साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण शिव्या कुणीच दिल्या नाहीत. उलट चौकात कपडे शिवणाऱ्या म्हाताऱ्या खालांनी, वस्तीच्या मावशींनी, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, बेटा. तुला पछतावा झाला ना? मग सगळं माफ. आता नळ सोड."

साहेब भडकले. "कसला पछतावा? तो शब्द आमच्या जावयाने घातला! अहो, आम्ही हे प्रत्येक पाटीवर लिहितो! त्याला काही अर्थ नसतो!"

खालांनी पाठीवरचा हात काढून घेतला.

"असं होय? मग जावयाचा शब्द चुकला, बेटा. त्याला उर्दूत म्हणतात, झूठ बोलना."