लिफ्टवाल्याने विणलेला हार

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. बसलाच, तर गोष्ट सांगण्यात मी कुठेतरी कमी पडलो असं समजेन.

"आजोबा, प्रस्तावना पुरे. गोष्ट सांगायची तर सांगा," नात म्हणाली. तिच्या मांडीवर मण्यांचं ताट होतं. कॉलेजात जाते, पण महिनाभरापासून मण्यांचे दागिने करायचं वेड डोक्यात शिरलंय. सुईत दोरा जाईना म्हणून मघापासून तिने सुईचा तीनदा आणि माझा एकदा उद्धार केला होता. मी फक्त इतकंच म्हणालो होतो, की दोरा फार ओढतेस. त्यावर, "तुम्हाला काय कळतंय यातलं? जन्मभर लिफ्टचे पाने फिरवलेत," असं ऐकून घ्यावं लागलं. म्हणून ही गोष्ट.

आमची ही खिडकीपाशी आरामखुर्चीत डोळे मिटून बसली होती. ती झोपली आहे असं धरून मी आवाज मोकळा सोडला.

तर माझा एक मित्र होता. लिफ्ट दुरुस्त करायचा.

"तुमच्यासारखाच?"

"माझ्यासारखाच. एकाच कंपनीत होतो. आता मधे बोलू नकोस."

माणूस आडदांड. अंगठा एवढा जाड, की पाचव्या मजल्याचं बटण दाबायला गेला तर चौथं आणि सहावंही दाबलं जायचं. तीस वर्षं नोकरी केली आणि तीस वर्षांत एकच गोष्ट शिकला. दोर ताणलेला पाहिजे. लिफ्टचा तारेचा दोर बोटभर सैल पडला तरी तो जेवण टाकून पाना घेऊन धावायचा. ही सवय घरीही आली होती. बाज तो विणायचा ती अशी, की झोपायला गेलेला पाहुणा दोनदा उडून मग आडवा व्हायचा. त्याने बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी वाऱ्यावर सूर धरायची. बुटाची नाडी बांधली की संध्याकाळपर्यंत पाय निळे.

त्याची बायको शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होती. दिवसभर टंकयंत्र बडवायची आणि घरी आली की चहा घेऊन मणी काढायची. तोच तिचा विसावा. कापडाचे बटवे शिवायची, रुमालांच्या कडेला मोहरीएवढे मणी लावायची, उरलेल्या चिंध्यांतून टाचण्या खोचायच्या गुबगुबीत गाद्या करायची. शाळेतल्या प्रत्येक कपाटाच्या किल्लीला तिने विणलेला गोंडा. मुख्याध्यापकांच्या चष्म्यालासुद्धा मण्यांची दोरी होती. ते रागावले की मणी हलायचे, आणि मग मुलं काही केल्या घाबरायची नाहीत.

मुलगी लहान असताना तिने शब्द दिला होता, की तुझ्या लग्नात तुझ्या गळ्यात माझ्या हातचा हार असेल. आणि खरोखरच तीन वर्षं आधीपासून बसली. अकरा मणी रुंद जाळी. गर्द निळा, त्यात दर सहाव्या ओळीला एक पिवळा मणी, जणू कुणीतरी लांबच्या घरात दिवा लावलाय. हार डाव्या खांद्यापासून निघाला, गळ्याखालून फिरला, उजव्या बाजूला वर चढायला लागला आणि वीतभर उरला असताना तिची बोटं संपावर गेली. सांधे सुजले. कप धरता येईना, तिथे केसासारखी सुई कुठली? लग्नाला सात आठवडे होते.

मुलगी म्हणाली, "आई, राहू दे ना गं. दुकानातून आणू एखादा."

"आणा," ती म्हणाली. हाराचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ढकलला. रात्री जेवताना स्वतःचे हात उलटसुलट करून बघत म्हणाली, "आता हे फक्त पांघरूण ओढायला उरले."

बस्स. एवढंच वाक्य. माझ्या... म्हणजे मित्राच्या हातातला घास हातातच राहिला.

"कुणाच्या?" नातीने सुई खाली ठेवली.

"मित्राच्या. कान साफ कर."

त्याने ठरवलं, हार आपण पुरा करायचा. हिला पत्ता लागू द्यायचा नाही. दया केली असं तिला वाटलं तर हार विहिरीत टाकेल, आणि मागोमाग आपल्यालाही. ठरवलं खरं, पण येतं कुणाला? मण्याला भोक कुठल्या बाजूला असतं इथपासून सुरुवात.

आता गंमत बघा. त्याच्याकडे देखभालीला ज्या इमारती होत्या, त्यांत वाचनालयाची एक होती. तिसऱ्या मजल्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला बायकांचा मण्यांचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई म्हणजे चालतंबोलतं दुकान. कानात, गळ्यात, चपलांवरसुद्धा मणी. त्या जिना उतरायला लागल्या की खाली पाऊस आला म्हणून लोक छत्र्या उघडायचे. पुरुषाने सरळ जाऊन त्या वर्गात बसायचं म्हणजे पंचाईत. तेव्हा त्या आठवड्यापासून वाचनालयाची लिफ्ट आजारी पडायला लागली. नेमकी मंगळवारी आणि शुक्रवारी. नेमकी चारला. आणि नेमकी तिसऱ्या मजल्यावर, वर्गाच्या दारासमोर. मित्र दार उघडं टाकून, पेटी पसरून बसायचा. हातात पाना, नजर आत. बायका तीन जिने चढून धापा टाकत यायच्या आणि त्याच्याकडे दयेने बघायच्या.

"काय हो, एवढा काय रोग झालाय तिला?" एकीने विचारलं.

"जुनाट आहे. हळूहळू उतरेल," मित्र म्हणाला.

तिसऱ्या खेपेला मण्यांच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात. "मेकॅनिकभाऊ, अर्धा तास झाला, तुम्ही एकच नट पिळताय. आणि तोही हवेत."

मित्राने खाली बघितलं. खरंच, पान्यात काहीच नव्हतं.

मग काय, सगळं ओकला. बायको, बोटं, हार, सात आठवडे. तोवर सहाच उरले होते. आत सुया थांबल्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी ती लिफ्ट चालू करा. आमच्या गुडघ्यांना कुणी हार घालणार नाहीये. मग आत या."

त्याला कोपऱ्यात बसवलं. त्याने पहिलं कडं विणलं. बाईंनी ते हातात घेतलं, टेबलावर ठेवलं, तर ते आपलं आपण उभं राहिलं. शिपायासारखं. बोटाने ढकललं तर चाकासारखं घरंगळत दाराबाहेर, आणि तिथून जिन्याने तळमजल्यावर. पहारेकऱ्याने आणून दिलं, एकही मणी जागचा हलला नव्हता.

"भाऊ, दोरा किती ओढलात?"

"बसेल तेवढा."

"अहो, तेवढा नाही ओढायचा. दोऱ्याला थोडी हवा पाहिजे. मणी मण्याला टेकला पाहिजे, चिकटता कामा नये. गळ्यात घातल्यावर बाई हसली, तर हार हसला पाहिजे तिच्याबरोबर."

"बाई, आमच्या धंद्यात दोर सैल सोडला तर माणसं खाली जातात."

"इथे सैल नाही सोडला तर माणसं वर बघत बसतात. मान खाली करता येत नाही!"

सगळा वर्ग हसला. मित्रही हसला. पण बोटं हसेनात. डोक्याला कळलेलं त्यांच्यापर्यंत उतरेचना. तीस वर्षांची सवय ती, सहा आठवड्यांत कुठे जाणार?

घरची व्यवस्था अशी होती. बायको शाळेतून रजेवर होती. सकाळी नऊला दवाखान्यात बोटांना शेक घ्यायला जायची, ती साडेदहाला यायची. तेवढा दीड तास त्याचा. मग दुपारी तो कामावर, रात्री परत. पहिल्या सकाळी त्याने डबा खाली काढला, खिडकीशी बसला, कपाळाला लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना लावायची बॅटरी बांधली. बाईंनी सांगितलं होतं की दोऱ्याला मेण लावा, म्हणजे गुंतत नाही. घरात मेण सापडेना. म्हणून पठ्ठ्याने ग्रीस लावलं. तासाभराने अकरा मणी काळे, दहा बोटं काळी आणि नाकावर एक ठिपका. मणी चहाच्या गाळण्यात घालून साबणाने धुतले. धुताना चार मोरीत गेले, तर हा मोरीची जाळी उघडून कोपरापर्यंत आत. चार मणी गेले होते, सहा मिळाले.

"सहा कसे मिळतील?"

"जुने असतील. तुझी आ... त्याची बायको पूर्वी तिथेच बसून ओवायची."

नातीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे.

त्या सकाळी दोन ओळी झाल्या. त्याने हार स्वतःच्या गळ्याला लावून आरशात बघितलं. बायकोने विणलेला भाग पाण्यासारखा वाहत खाली आलेला, आणि याच्या दोन ओळी फूटपट्टीसारख्या ताठ. उजवीकडे मान वळवली की हनुवटीला टोचायच्या. एका घराला दोन दारं असावीत, एक पडद्याचं आणि एक तिजोरीचं, तसं ते दिसत होतं. कुणीही सांगितलं असतं की बाईचा हात इथे थांबला आणि इथून पुढे कुणीतरी गुन्हा केला. त्याला रडूच आलं. उसवायची हिंमत होईना, दोरा तुटला तर तीन वर्षं सांडतील. तसाच डब्यात ठेवला, डबा फळीवर ठेवला आणि कामावर गेला.

आणि आता ऐका. इथेच विश्वास बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला, तर त्या दोन ओळी मऊ! बोटावर टाकल्या तर बोटाभोवती लवंडल्या. मणी तेच, गाठी त्याच, फक्त ताठा गेलेला. मित्र डोळे चोळत बसला. शेवटी त्याच्या ध्यानात आलं. शेजारच्या ओळींची ती सुंदर वीण बघून त्याच्या दोऱ्याला रात्रीतून शरम वाटली, आणि तो आपला आपण सैल झाला.

"आजोबा, दोरा कसा शरमेल?"

"नायलॉनचा होता. इज्जतदार."

हे रोज चाललं. सकाळी हा दोन ओळी विणायचा, अगदी श्वास रोखून, हलकेच, फुलासारखा दोरा धरून. तरी डबा बंद करताना त्या बघाव्या तर आपल्या ताठच. दुसऱ्या सकाळी मऊ. हळूहळू त्याची भीड चेपली. शीळ घालत ओवायला लागला. वर्गात बाईंना दाखवायला हार नेला, तर बाई भिंगातून बघतच राहिल्या. "भाऊ, हात सुधारला की तुमचा!" मित्राने मान खाली घातली. दोऱ्याचं श्रेय आपण घ्यावं हे बरं वाटेना, पण नाकारलंही नाही. त्या दिवशी बायकांनी त्याला चहा पाजला, आणि लिफ्टने आनंदाने सगळ्यांना दोनदा वर-खाली फिरवून आणलं.

लग्नाला तीन दिवस असताना शेवटची ओळ झाली. लग्नाच्या सकाळी त्याने मुलीला बाजूला घेऊन डबा दिला. मुलगी हार घालून बाहेर आली. कुणाच्या तरी थट्टेवर मान मागे टाकून हसली, आणि देवाशपथ सांगतो, हार तिच्याबरोबर हसला. डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत एकच लाट गेली. कुठे कुणाचा हात थांबला आणि कुठे दुसऱ्याचा लागला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

बायको पुढे झाली. सुजलेल्या बोटाने उजवीकडच्या ओळी एकेक चाचपून बघितल्या. मित्र मांडवाचा दोर ताणून बघायला लागला.

"हा पुरा कुणी केला?" तिने विचारलं.

"कुणी म्हणजे? तूच," मित्र म्हणाला. "झोपेत उठून बसायचीस रोज. मी बघितलंय. मी आपला उठवलं नाही."

आणि तिचा विश्वास बसला! अगदी सोळा आणे बसला. एवढी शिकलेली बाई, पण आज सव्वीस वर्षं झाली, तिला असंच वाटतं की तो हार आपण झोपेत...

"खोटं!"

आवाज खिडकीपासून आला. हिचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"दोरा शरमतो म्हणे! पहिल्याच दिवशी तुम्ही कामावर गेलात आणि मी डबा उघडला. घरभर ग्रीसचा वास, मला कळणार नाही? मग रोज संध्याकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसायचे आणि सुईच्या टोकाने तुमची एकेक ओळ सैल करायचे. ओवायला नव्हती चालत ही बोटं. सैल करायला चालत होती."

नातीच्या मांडीवरचं ताट कलंडलं. मणी फरशीवर पळाले, पण तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. मी खाली वाकून मणी गोळा करायला लागलो.

"आणि तुमच्या त्या मित्राला सांगा," ही म्हणाली, "शेवटच्या तीन ओळींना मी हात लावलेला नाही. त्या त्याच्या त्यालाच जमल्या होत्या."