खटखटी भिंतीत कशी गेली

मी एक जुनी शहाबादी फरशी आहे. मित्रांनो, सध्या मी एका भिंतीत उभी आहे. फरशीने आडवं पडावं आणि लोकांनी तिच्यावरून जावं, एवढं तुम्हालाही ठाऊक आहे. मग माझ्यावर उभं राहायची वेळ कशी आली, ते आठवलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. दगडाच्या अंगावर कसला काटा, म्हणून हसू नका. गोष्ट ऐकलीत तर तुमच्याही अंगावर येईल.

माझा जन्म कलबुर्गी जिल्ह्यात, शहाबादकडच्या एका खाणीत झाला. तिथे जमिनीखाली दगड थरावर थर असा पडलेला असतो, पोळ्या एकीवर एक रचून ठेवाव्यात तसा. पहारेने मला सुटी केली, लॉरीत घातली आणि या शहरात आणली. शहराचं नाव मी सांगणार नाही. बिदर आणि कलबुर्गीच्या हद्दीवरचं आहे, एवढं पुरे. इथल्या नगरसभेला, म्हणजे नगरपालिकेला, काम करायला वेळ लागतो, राग यायला मात्र लागत नाही.

बसस्टँडकडून बाजाराकडे जाणारी एक गल्ली आहे. ती जिथे डावीकडे वळते तिथे एक आडवं गटार आहे, चांगलं कमरेएवढं खोल. त्या गटारावर मला टाकलं. गवंडी घाईत होता. माझ्या एका कोपऱ्याखाली दगडाची चीप बसवायला तो विसरला, म्हणून कुणी पाय दिला की मी 'खट्' वाजायची. शाळेतली पोरं मुद्दाम माझ्यावर उड्या मारायची. एकदा बैलगाडीचं चाक लागून माझा दुसरा कोपरा उडाला, नखाएवढा नव्हे, चांगला भाकरीच्या तुकड्याएवढा. गल्लीने माझं नाव खटखटी ठेवलं. ठाणाकुशनूरहून बसने मेथी-कोथिंबीर आणणाऱ्या बाया डोक्यावर पाटी असताना पायाने मला चाचपायच्या आणि मगच पुढचं पाऊल टाकायच्या. माझं फार कौतुक कधी झालं नाही, पण मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

माझ्यावर पाय देणाऱ्यांत उमादेवी सगळ्यात जुन्या. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना टीचर म्हणत. निवृत्त झाल्या आणि पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. तरी टीचर घरात बसल्या नाहीत. रोज सकाळी काठी टेकत त्या एकट्या चांगुणाबाईंकडे जायच्या. चांगुणाबाई दवाखान्यात नर्स होत्या. वळणानंतर दारावर पंचशीलाचा झेंडा असलेलं घर त्यांचं. चांगुणाबाई पेपर वाचून दाखवत आणि टीचर त्यांचे उच्चार दुरुस्त करत. त्यावरून भांडण, मग चहा, आणि उद्या पुन्हा तेच. या सगळ्यात माझं काम एवढंच, की माझा 'खट्' ऐकला की टीचर डावीकडे वळायच्या. डोळे असलेली माणसं मला तुडवून जात, टीचर मात्र मला ऐकून जात. याचा मला मोठा अभिमान होता.

प्रशांतकुमार हा टीचरांचा मुलगा. तो आमच्या वॉर्डाचा मेंबर, म्हणजे नगरसभेवर निवडून आलेला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. आईवर त्याचा जीव होता. पण गल्लीच्या टोकाला पानाच्या दुकानात जायचं असलं तरी तो स्कूटी काढायचा.

गेल्या वर्षी नगरसभेला चालणाऱ्यांचा एकदम पुळका आला. जुन्या वेशीपासून बाजारापर्यंत पायी फिरण्याचा मार्ग जाहीर झाला आणि आमची गल्ली त्यात आली. मी हरखून गेले. रिक्षाला भोंगा बांधून 'चला, चालू या' अशी हाक सुरू झाली. रस्त्यावर पिवळ्या रंगाची पावलं काढली, त्यातली निम्मी उभ्या मोटारींखाली गेली. फूटपाथवर बांबू रोवून फलक लावले, ते वाचायला लोकांना रस्त्यात उतरावं लागायचं. आधी कळस, मग पाया, असा सगळा कारभार. मला वाटलं, असू दे, हळूहळू शिकतील.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी टीचर माझ्याजवळ पोचल्या आणि मागून प्रशांतकुमारची स्कूटी आली.

"अव्वा, एकटी कामून जायलीस? मी सोडतो की."

"गाडीवर बसलं की रस्ता कळत न्हाई रे. माझे डोळे आता पायात हायत."

"बरं, उद्या तर ये. उद्घाटनाच्या दगडावर माझं नाव कोरणार हायत. तुला हात लावून बघता येईल. गाडी पाठवतो."

टीचर केवढ्या हसल्या! "चालायच्या कार्यक्रमाला गाडीत बसून येऊ व्हय? चांगुणाकडं चहा घेते अन् चालतच येते."

त्या 'खट्' करून वळल्या. नावासाठी मागवलेला संगमरवर आलाच नव्हता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुपारी प्रशांतकुमार कंत्राटदार धनराजला घेऊन आला आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

"ही बघा, जुनी शहाबादी. घासली की झ्याक दिसंल. जुन्या वाटेला जुना दगड!"

मित्रांनो, मला कळेना की हे काय चाललंय. धनराजच्या दोन गड्यांनी पहार घातली आणि मला उचललं. वळणावर सायकलचं पंक्चर काढणारा मारोती धावत आला.

"अण्णा, गटार उघडंच ठिवायलाव व्हय?"

"नवी फरशी येतीच की," धनराज म्हणाला. मारोतीने बिचाऱ्याने बाभळीची एक फांदी आणून त्या भोकात उभी केली.

मला यंत्रावर घासलं. इतक्या वर्षांची पावलं एका दुपारी पुसली गेली. मग माझ्या तोंडावर नावं कोरली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, यांचे शुभहस्ते, त्यांचे उपस्थितीत. सगळ्यात खाली प्रशांतकुमार. मला वेशीजवळ नेतील असं वाटलं होतं. पण पाहुण्यांना सोयीचं म्हणून वळणावरच्याच भिंतीत बसवलं, माझ्या जुन्या जागेसमोर, आणि वर मखमली पडदा ओढला.

सकाळी भोंगा कान फोडत होता. फोटोत गटार दिसू नये म्हणून कुणीतरी बाभळीची फांदी काढून टाकली आणि त्या भोकावर हिरवी मॅट अंथरली. पडद्याआड मला काही दिसत नव्हतं, हे मला मागाहून कळलं. पाहुण्यांच्या मोटारी आल्या, दारं आपटली. तेवढ्यात त्या गोंगाटातून मला काठीचा आवाज आला. ठक, ठक. तो मी कुठेही ओळखला असता. मी ओरडणार होते. पण फरशी आपणहून वाजत नाही, कुणी पाय द्यावा लागतो. काठी मॅटवर आली आणि आवाज मऊ झाला. टीचर थांबल्या. 'खट्' झालं नव्हतं, म्हणजे वळण अजून पुढे, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं.

त्याच क्षणी इकडे पडदा सरकला. टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यांपुढे पहिली गोष्ट आली ती खचलेली मॅट आणि तिच्या कडेला पडलेली टीचरांची एक चप्पल. माझ्याकडे बघत टाळ्या वाजवणाऱ्यांना कळायलाही वेळ लागला. गटारात पहिला उतरला तो मारोती.

टीचरांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. नगरसभेने काय केलं असेल? मला वाटलं, आता तरी मला परत खाली घेतील. त्यांनी त्या भोकाशेजारी एक पाटी लावली, 'पादचाऱ्यांनी जपून चालावे'. ती समोरून वाचत मी कितीतरी दिवस सुन्न उभी होते.

पुढे गटारावर सिमेंटचं झाकण आलं. ते वाजत नाही.

चार महिन्यांनी चांगुणाबाईंनी टीचरांना रिक्षातून माझ्यासमोर आणलं. हातात वॉकर होता. मागे प्रशांतकुमार मान खाली घालून उभा होता.

"कुठं हाय रे तुझं नाव?" टीचरांनी विचारलं.

त्याने त्यांचं बोट धरून आपल्या नावावर ठेवलं. टीचरांनी एकेक अक्षर चाचपलं. बोट खाली घसरत गेलं आणि माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर येऊन थांबलं. त्यांनी तो पुन्हा पुन्हा चाचपला.

"चांगुणा... ही आपली खटखटी हाय गं!"

"अगं बाई! हिला भिंतीत कामून उभी केलेत?"

प्रशांतकुमार पुढे आला. "अव्वा, मीच दाखवली. तू हिच्या आवाजावर वळायचीस, हे मला ठाऊकच नव्हतं. मी ह्या गल्लीत कधी चालत आलोच न्हाई."

टीचरांनी बोट पुन्हा त्याच्या नावावर नेलं. मग म्हणाल्या, "नाव चांगलं कोरलंय रे. पण हा दगड माझ्या पायाखाली असता, तर मी पडले नसते."

तो मोठा माणूस, मेंबर, भर गल्लीत रडला. दुसऱ्याच दिवशी त्याने मला काढून परत गटारावर टाकण्याची मागणी केली. नगरसभेचं उत्तर ऐकून मी पुन्हा एकदा थक्क झाले. मान्यवरांची नावं लोकांच्या पायाखाली देता येणार नाहीत, त्यात त्यांचा अपमान आहे!

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला विनवणी आहे. लोकांना चालायला बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, पण त्याआधी त्या वाटेने एकदा स्वतः चालून बघा. कुणाची पावलं कशाच्या आधाराने पडतात, ते चालल्याशिवाय कळत नाही. आणि जमलं तर माझ्यासाठी शब्द टाका. मला पालथी घाला, ती नावं गटाराकडे जाऊ देत, पण मला माझी जागा द्या.

तोवर रोज सकाळी टीचर वॉकर घेऊन हळूहळू येतात. शेजारून प्रशांतकुमार येतो, पायी. सिमेंटच्या झाकणाजवळ आले की तो इकडेतिकडे न बघता, तोंडानेच मोठ्याने 'खट्' म्हणतो, आणि टीचर डावीकडे वळतात.