दानाचं खाचर

साधना मेथी निवडत बसली होती, तेवढ्यात रविराजचा फोन आला. नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांतली सकाळची घाई नुकतीच ओसरली होती. नवरा ललित एकलहऱ्याला ड्यूटीवर गेला होता, मुलगी वैष्णवी कॉलेजला.

"ताई, गुरुवारी रजिस्टरचं काम उरकून टाकू. तू उद्याच ये. आधार कार्ड आण. प्रतिभानं तुझी साडी आणून ठेवलीय."

हक्कसोडपत्राचं बोलणं भाऊबीजेलाच झालं होतं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि ती अशी तिघांची नावं लागली होती. बहिणीनं सही द्यायची, साडी घ्यायची आणि माहेरचं दार उघडं ठेवायचं, ही रीत तिच्या आत्यांनीही पाळली होती. साधनाला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

"विकतोयस का काही?" तिनं सहज विचारलं.

"खालचं खाचर. रस्त्याला लागूनच आहे ना ते. मुंबईची पार्टी आहे, रिसॉर्ट काढायचंय त्यांना."

"म्हणजे दानाचं खाचर?"

"जुनं नाव झालं ते," रविराज म्हणाला. "तू ये."

फोन ठेवल्यावर मेथी निवडण्यात तिचं लक्ष लागेना. लहानपणापासून ती ते नाव ऐकत आली होती, पण दान कुणी दिलं, कुणाला दिलं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. ते खाचर ठाकरवाडीतला लहानू पिकवायचा. दरवर्षी निम्मं भात त्यांच्या दारात यायचं, आणि त्यातलंच एक पोतं भरडून, इंद्रायणी तांदूळ म्हणून, दिवाळीनंतर तिच्या घरी. आज ललितच्या डब्यात दिलेला भातही त्याच तांदळाचा होता. ती उठली, ओटा पुसला, पुन्हा पुसला, आणि दुपारपर्यंत उगीच या खोलीतून त्या खोलीत करत राहिली.

बुधवारी घोटीला उतरून ती रिक्षानं गावाकडे निघाली, पण घरापर्यंत गेली नाही. खाचराच्या बांधाशीच उतरली. सोंगणी चालू होती. लहानूची सून नवसाबाई विळ्यानं भात कापत होती आणि पंचाहत्तरीचा लहानू मागून पेंढ्या बांधत होता. साधनाला पाहताच त्यानं हातातलं टाकून नमस्कार केला. तिच्या माहेरची शेंबडी पोरंसुद्धा त्याला नुसतं 'लहानू' म्हणत. तीही तशीच म्हणत आली होती. आज ते तोंडातून निघेना.

"लहानूबाबा, याला दानाचं खाचर का म्हणतात?"

म्हातारा बावरला. "तुमच्या आज्यांनी दिलं म्हून. भूदानवाले पायी आले व्हते गावात. देवळापुढं सभा झाली. ज्याच्यापाशी जमीन हाय त्यानं आपल्या राजीखुशीनं बिनजमिनीच्या मानसाला द्यावी, असं त्ये सांगत व्हते. तुमचे आजे उठले. मातीचं ढेकूळ माझ्या बापाच्या हातावर ठिवलं नि म्हनले, पुंजा, खालचं खाचर आजपासून तुजं. मी आठ वर्साचा असंन. लोकांनी लय टाळ्या वाजवल्या."

"मग निम्मं भात आमच्याकडं का येतं?"

उत्तर नवसाबाईनं दिलं, हात न थांबवता. "त्ये तुमच्या घरी इचारा, ताई. बी आमचं, कष्ट आमचे, आन निम्मं तुमच्या दारात. सातबाऱ्यावर आमचं नावच नाय. परवा रवीभाऊ सांगून गेले, एवढी सोंगणी झाली का खाचर मोकळं करा."

"गप गं," लहानू सुनेला म्हणाला. मग साधनाकडे वळला. "आमच्यापायी भावाशी वाकडं घेऊ नका, ताई. इतकी वर्सं पिकवू दिलं, त्ये काय कमी हाय?"

त्याच्या आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. साधनाला तेच सोसवलं नाही. ती घराकडे चालू लागली.

ओटीवर आई, चंद्रभागा, तांदूळ पाखडत होती. भावजय प्रतिभानं पाणी आणलं, पाठोपाठ साडीचा बॉक्सही आणून ठेवला. साधनानं तो उघडला नाही. खाचराचा विषय काढताच रविराज सरसावून बसला. त्यानं याची तयारी करून ठेवलेली दिसत होती.

"आजोबा सभेत भारावले आणि बोलून गेले. कागद झाला का? नाही. फेरफार झाला? नाही. सरकारदरबारी जमीन आपली आहे. आणि इतकी वर्षं त्यांनीही निम्मं खाल्लंच की."

"कागद झाला व्हता," आई म्हणाली.

रविराज थबकला. सुपातले तांदूळ तसेच राहिले.

"दानपत्र झालं व्हतं. मामंजींनी सही केली आन कचेरीत द्यायला तुमच्या वडलांकडं दिलं. त्यांनी दिलंच नाय. घरी आणून चुलीत घातलं. माझ्याच चुलीत. पुंजाला सांगितलं, पिकव, पर निम्मं आणून टाकत जा. त्यो बिचारा कुणाला इचारनार? मामंजी दर साली इचारायचे, पुंजाचं नाव लागलं का? तुमचे वडील म्हनायचे, लागलं, भात त्यो राजीखुशीनं आणून देतो. जाताना बी मामंजींनी तेच इचारलं. तवा मीच पाशी व्हते."

"मग तू काय म्हणालीस?" साधनानं विचारलं.

"लागलं म्हनलं."

प्रतिभानं ताटं वाढली, पण साधनानं भाताला हात लावला नाही.

गुरुवारी रजिस्ट्रार कचेरीत गर्दी होती. मुंबईच्या पार्टीचा माणूस एसी गाडीतच बसून होता. लेखनिकानं कागद पुढे सरकवले, बोट ठेवून जागा दाखवली. साधनानं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही."

रविराज हसला. त्याला वाटलं, बहीण अडून बसली. "तुला कमी पडतंय का? तुझं वेगळं बघू ना, ताई."

"मला काही नको. वरची जमीन, घर, विहीर, सगळ्यावरचा हक्क आत्ता सोडते. तेवढं एक खाचर माझ्या वाटणीला लाव. मी ते लहानूबाबांच्या नावावर करून देते. आजोबांनी दिलं होतं, आपण पोहोचू दिलं नाही."

"पार्टी त्या खाचरासाठीच आलीय."

"मग राहू दे."

रविराजचा चेहरा उतरला. तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे मोडलंस तर आपलं नातंही मोडलं. दिवाळी नाही, भाऊबीज नाही. आईला भेटायलाही यायचं नाही."

आईला गाडीत घालून भाऊ निघून गेला, तेव्हा साधना बाहेरच्या बाकावर बसली होती. दोन बस तिनं तशाच जाऊ दिल्या.

घरी ललित चिडला. "वैष्णवीच्या शिक्षणाला उपयोग झाला असता. निदान मला विचारायचंस." दोन दिवस त्यानं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याचा हात ताटातच थांबला.

"हा तांदूळ तिथलाच का?"

"हो."

त्यानं ताट बाजूला सारलं. "उरलेला त्यांच्याकडं पोचवून ये," तो म्हणाला. "आपण दुकानातून आणू."

साधनानं तहसील कचेरीत अर्ज दिला: आजोबांचं दान नोंदवून घ्यावं. पहिल्या तारखेला साहेब नव्हते. दुसऱ्या तारखेला फाइल सापडेना. गावात बोलणं सुरू झालं की लग्न होऊन गेलेल्या बहिणीनं भावाचं घर बुडवलं. तिच्या आत्याही फोन उचलेनाशा झाल्या. पैसे मागायला म्हणून ती अर्जाचं नाटक करते, असंही कुणी म्हणालं. ती प्रत्येक तारखेला जात राहिली. नवसाबाई मजुरी बुडवून तिच्या शेजारी येऊन बसायची. त्या वर्षीचं निम्मं भात मात्र तिनं कुणाच्या दारात नेलं नाही.

चैत्रात जबाब झाले. रविराजनं आईला आपल्या बाजूनं आणलं होतं. काय सांगायचं ते गाडीत दोनदा घोकून घेतलं होतं.

साहेबांनी विचारलं, "आजी, ते खाचर कुणाचं?"

चंद्रभागेनं आधी मुलाकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या लहानूकडे.

"याच्या बापाचं. पुंजाचं. आमी खाल्लं."

लेखनिकानं मान वर केली. "काय लिहू?"

"आमी खाल्लं, असंच लिही."

तिनं सही केली. रविराज उठून बाहेर गेला आणि गाडी घेऊन एकटाच निघून गेला. आई जिन्यापाशी थांबली, लेकीला म्हणाली, "तुज्याकडं जागा हाय का?" साधनानं तिचा हात धरला आणि दोघी बसस्टँडकडे निघाल्या.

निकाल अजून लागलेला नाही. पुढची तारीख पडली आहे. लहानू सांगतो, देवळापुढच्या त्या सभेत आणखी चार जण जमीन द्यायला उठले होते, चौघांच्या नावानं टाळ्या वाजल्या होत्या. त्यांची खाचरं आज कोण पिकवतं आणि कोण खातं, हे गावात कुणी विचारलेलं नाही. साधनानं ती चार नावं त्याच्याकडून लिहून घेतली आहेत.