अंगठीतली निळाई

पियासीलीने अंगठी खिडकीशी धरली, इकडून वळवली, तिकडून वळवली आणि चष्मा कपाळावर सारला. आठ वर्षांपूर्वी तिच्यातला हाच चंद्रकांत खडा जरा हलवला की त्याच्या पोटातून निळं पाणी सरकायचं. आता तो नासलेल्या दुधासारखा दिसत होता.

"घासणीने घासलास का गं हा?"

"त्याला नाही घासलं, अम्मा. तो घालून घासलं." तिची लेक हंसमाली पायरीवर बसून नारळाची रोटी चावत होती. जबडासुद्धा दमल्यासारखा. "कुवेतच्या मॅडमच्या अकरा खोल्या आहेत. फरश्या, भांडी, बाथरूम."

"आणि उकळतं पाणी?"

"ते रोजचंच. लगेच त्यावर बर्फ. मॅडमला सरबत लागतं."

पियासीलीने कपाळाला हात लावला. तीस वर्षं ती आपल्या गावच्या, मीटियागोडाच्या, खाणीतले दगड सहाणेवर धरत आली होती. गिऱ्हाइकाला झोपेतही सांगेल: हा दगड काचेहून जेमतेम कडक, वाळूचा कणही त्याला ओरबाडतो, ठोका बसला तर सरपणासारखा सरळ फाटतो, कोमट साबणपाणी, मऊ फडकं, बास. ठेवायचा तर एकटा, चिंधीत.

"तुला एवढं सांगितलं नव्हतं का मी?"

"तू सांगितलंस, बोटातून काढू नकोस."

सांगितलं होतं खरं. ही कुवेतला निघाली तेव्हा बसच्या दारात, रडत. तो हंसमालीच्या बापाने आपल्या शेवटच्या खड्ड्यातून काढलेला दगड. आणि अंगाची ऊब असली की दगड जिवंत राहतो, असं पियासीलीची आई म्हणायची. कारागिराची अक्कल सहाणेपाशी ठेवून ती त्या दिवशी नुसती आई झाली होती.

"उद्या परत निघायचंय. चकाकून दे ना."

पियासीलीने दगड कोंदणातून सोडवला, लाख जरा ऊन करून काडीच्या टोकाला चिकटवला आणि आपोआप निवू दिला. फुंकरसुद्धा घातली नाही. मग सहाण फिरवायची धनुकली ओढायला घेतली. खांदा दुखत होता, डोळ्यांत पाणी येत होतं. पांढुरकी साय हळूहळू गेली आणि दगडाच्या गोलसर घुमटाच्या मधोमध निळं काहीतरी हललं.

हंसमालीचं चावणं थांबलं. "आली निळाई."

पियासीली भिंग लावून बघत होती. निळ्याच्या अगदी खाली एक बारीक चीर, दोन्ही बाजूंना पाय फुटलेली. गावातले कारागीर तिला गोम म्हणतात. वर एक ओरखडा उरला होता. तो काढायचा तर घुमट आणखी पातळ होणार, निळाई विरणार, गोम उघडी पडणार. तिने धनुकली खाली ठेवली.

"ओरखडा राहिला की, अम्मा. दोन मिनिटांचं काम."

"त्या दोन मिनिटांत निळाईही जाईल, म्हणून थांबले. हा दगड आता माझ्यापाशीच राहू दे."

हंसमालीने रोटी मांडीवर ठेवली. "दुपारी मॅडम झोपली की मी मागच्या खिडकीत धरायचे त्याला. दोन वर्षं निळं दिसलं नाही. तरी धरायचे."

पियासीली मान खाली घालून दगड काडीवरून सोडवून परत कोंदणात बसवू लागली. कड दाबताना श्वास रोखला.

"मी चुकीचं सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "कामाच्या हातात नको घालू. गळ्यात बांध, झंपराच्या आत. दुसरी साखळी नको घालूस, घासेल. आणि भांड्यांवर वाकताना पाठीवर टाक. ऐकतेयस ना?"

हंसमाली दाराच्या चौकटीला डोकं टेकून झोपली होती. उरलेली रोटी मांडीवर, बोटं सोडा लागून सोललेली. पियासीलीने अंगठीतून काळा दोरा ओवला, लेकीच्या मानेमागे हात नेऊन दोन गाठी मारल्या आणि अंगठी झंपरात सोडली. गार लागली तशी पोर झोपेतच दचकली.

"होईल आत्ता ऊन," पियासीली पुटपुटली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसली. धनुकली उचलून ठेवायचीही ताकद उरली नव्हती.