साहेबांचे देऊळ

महूच्या पुढच्या गावातलं ते चर्च शंभर वर्षांचं होणार होतं आणि त्याची पुस्तिका लिहायचं काम शिवांगीला मिळालं होतं. आर्किटेक्ट असूनही स्पृहा झाल्यापासून दोन वर्षं तिनं साधी रेघ ओढली नव्हती. आता दुपारी लेक मांडीवर झोपली की ती पाय न हलवता एका हातानं लिहायची.

बाहेरून चर्च अगदी विलायती. टोकदार कमानी, घंटेचा मनोरा. आत मात्र बाराही खांबांच्या पायाशी दगडात कोरलेली कमळं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उत्तर निघालं घरातच, राजेंद्र नगरला, सासऱ्यांच्या ट्रंकेत. दिवाकररावांचे आजोबा कृष्णराव त्या बांधकामावर ओव्हरसियर होते. त्यांचं मोडीतलं पत्र दिवाकररावांनी चष्मा पुसत पुसत वाचून दाखवलं: "साहेबांचे देवळाचे खांब उभे केले. गवंड्यांनी खाली कमळे घातली. त्यांचे हातास दुसरे येत नाही. साहेब बघून हसले."

"देवळाचे!" चर्चचे फादर लोपीस फोनवर खूश झाले. ते मूळ वसईचे. "अगं, माझी आई आजही चर्चला देऊळच म्हणते. पहिल्या पानावर घे हे."

तिनं घेतलं. तिच्या नवऱ्यानं, सुजयनं, कौतुकानं ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं. त्याच्या चुलतभावानं, यशवर्धननं, त्यातली पहिली ओळ तेवढी कापली, 'साहेबांचे' वगळून. शेजारी कमळाचा फोटो लावला आणि दिली पुढे धाडून. वर लिहिलं, 'पहले यहाँ क्या था, खुद पढ़ लो.'

शिवांगीनं त्याला फोन लावला. "भावजी, बाकीचं पत्र कुठे गेलं?"

"वहिनी, शब्द तर आपल्याच पणजोबांचा आहे नं? मैंने क्या जोड़ा?"

"जोडलं नाहीत, तोडलंत."

"लो! आता तुम्ही पण सेंटी झालात."

रविवारी मिस्सा चालू असताना पन्नासेक माणसं मोबाइल उगारत आत शिरली. एकानं कमळावर कुंकू वाहिलं. तेव्हापासून फाटकाशी पोलिसांची गाडी उभी राहू लागली. देऊळ म्हणजे इथे चर्चच, असं शिवांगीनं ग्रुपवर समजावून लिहिलं. 'घबरा गई क्या?' एवढंच उत्तर आलं, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

फादरांनी बोलावलं तेव्हा ती स्पृहाला कडेवर घेऊन गेली. अकरा खांबांचे पाय विटांत चिणून झाले होते. वर पांढऱ्या टाइल्स, न्हाणीघरात लावतात तशा.

"फादर, निदान मला विचारायचंत."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?" फादर तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुझं चुकलं नाही, मुली. पण म्हाताऱ्या बायका यायच्या बंद झाल्यात. पुस्तिकेतसुद्धा चर्चच लिही."

"पत्रात देऊळ आहे."

"माझ्या आईच्या तोंडीही आहे. परवा तिनं फोनवर विचारलं, देवळात माणसं आली होती का रे? मी तिच्यावर खेकसलो. नव्वदीची बाई आहे ती."

तेवढ्यात स्पृहा कडेवरून घसरली आणि उरलेल्या एकाच खांबापाशी फतकल मारून बसली. पाकळ्यांमध्ये एकेक बोट घालून बघू लागली.

हातातली थापी थांबवून मिस्त्रीनं विचारलं, "मॅडम, ये वाला भी?"

शिवांगीनं लेकीची बोटं एकेक करून सोडवली, तिला उचललं.

"हाँ भिया," ती म्हणाली. "ये भी."